‘त्या खोलीत खरं बोललो, तर ऑपरेशन होईल का?’

आदरणीय ताई,

माझं वय ४३, उंची १७० सेंटिमीटर, वजन १३२ किलो. डायबेटिस आहे. झोपेत श्वास अडकतो म्हणून मशीन लावायला सांगितलंय, पण ते मी नेमाने लावत नाही. डाएट करून करून थकलो. दर वेळी वजन उतरतं आणि व्याजासकट परत येतं. शेवटी सर्जनना भेटलो. ते म्हणाले, वजन उतरवायला जठराचा बायपास करू. रक्ताच्या तपासण्या, एंडोस्कोपी, सोनोग्राफी, हृदयाच्या तपासण्या, सगळं विनातक्रार केलं. आता म्हणतात, सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट आणा. माझा संतापच झाला. पोट कापायचंय, डोकं नाही. मी काय वेडा आहे?

ओळखीतल्या एकाचं असंच ऑपरेशन झालंय. तो म्हणाला, ‘सगळ्याला नाही म्हण. टेन्शन नाही, दारू नाही, गोळ्या नाहीत. रिपोर्ट मिळून जातो.’ त्याने प्रश्न आणि उत्तरं लिहूनच दिली आहेत. अडचण अशी की मी तीन वर्षांपासून डिप्रेशनची गोळी घेतो. ती हळूहळू विरघळणारी आहे, दिवसातून एकदाच घ्यायची. हे मी सर्जनना सांगितलेलं नाही. शनिवार-रविवार पिणं होतं. आणि रात्री घरातले झोपले की मी उठून खातो. बायकोला माहीत नाही. रिकामी पाकिटं सकाळी ऑफिसच्या बॅगेत घालून बाहेर नेऊन टाकतो.

हे सांगितलं तर ऑपरेशन नाकारतील का? आणि बायकोलाही सोबत आणा म्हणालेत, ते कशासाठी? भेट पुढच्या गुरुवारी आहे.

एक वाचक

*

नमस्कार,

उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. खरं सांगा. गोळी, दारू, रात्रीचं खाणं, तिन्ही सांगा. यातल्या कुठल्याही एका गोष्टीवरून तुमचं ऑपरेशन कायमचं नाकारतील असं मला वाटत नाही. थोडं पुढे ढकलतील, हे मात्र होऊ शकतं. ते सहन करण्यासारखं आहे. लपवल्यामुळे जे होऊ शकतं, ते नाही.

तुमचा राग मला कळतो. जाड माणसाला जन्मभर जो तो ऐकवत असतो की तोंडावर ताबा ठेव. मग कधीतरी एक डॉक्टर भेटतो, जो म्हणतो की हा आजार आहे आणि याच्यावर ऑपरेशन आहे. जरा हायसं वाटतं न वाटतं तोच तो डॉक्टर मानसशास्त्रज्ञाच्या नावाची चिठ्ठी हातात ठेवतो. म्हणजे फिरून खापर मनावरच, असं वाटणारच. पण ती चिठ्ठी तुमच्याकडे बघून लिहिलेली नाही. बहुतेक ठिकाणी ती प्रत्येकाच्या फाइलमध्ये असते, तुमच्या एंडोस्कोपीच्या चिठ्ठीसारखीच. १९९१ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने या शस्त्रक्रिया कुणावर कराव्यात हे ठरवायला तज्ज्ञांना एकत्र बसवलं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ च्या वर आणि सोबत डायबेटिससारखा गंभीर आजार, ही मर्यादा तेव्हाची. त्याच बैठकीत ठरलं की हा निर्णय एकट्या सर्जनने घेऊ नये, फिजिशियन, आहारतज्ज्ञ आणि मनाचा जाणकार अशा टीमने घ्यावा. वजनाच्या मर्यादा पुढे २०२२ मध्ये बऱ्याच खाली आल्या, टीम मात्र तशीच राहिली. तुमचा बीएमआय साधारण ४५.७ भरतो. म्हणजे तुम्ही या ऑपरेशनला पात्र आहात की नाही हा वादच नाही. ते तुम्हाला कुणाकडून ‘मिळवायचं’ नाहीये.

मग मानसशास्त्रज्ञ बघतो काय? तुम्ही वेडे आहात का, हे तर नक्कीच नाही. निम्मा वेळ तो एकच गोष्ट चाचपत असतो: आपण कशाला होकार देतोय हे या माणसाला नीट कळलंय का? बायपासमध्ये जठराची एक छोटी पिशवी तेवढी उरते, साधारण ३० मिलिलिटरची. त्यानंतर जन्मभर व्हिटॅमिन आणि खनिजांच्या गोळ्या, ठरावीक काळाने रक्ताच्या तपासण्या, सहज मिळणाऱ्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या बंद, सिगारेट बंद. तो तुम्हाला विचारेल, ‘वजन किती उतरेल असं वाटतं?’ या प्रश्नाला तुमच्या मित्राच्या कागदावर बहुधा ‘खूप’ असं उत्तर असेल. खरा हिशोब घरीच करून जा. बायपासनंतर वर्ष-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण ३० टक्के घट होते, कुणाची थोडी कमी, कुणाची जास्त. तुमच्या बाबतीत १३२ वरून ९२ च्या आसपास. डायबेटिसच्या दृष्टीने हा फार मोठा फायदा आहे, श्वास अडकण्यातही पुष्कळ फरक पडतो. पण तुमच्या उंचीला बीएमआयच्या तक्त्यात जे ‘नॉर्मल’ म्हणतात, ते ७२ किलोच्या खाली. आरशात ७२ किलोचा माणूस दिसेल अशी मनात खूणगाठ बांधून टेबलावर गेलात, तर ९२ ला पोचल्यावर, म्हणजे ऑपरेशन अगदी उत्तम झालेलं असताना, तुम्हाला वाटेल की आपलं फसलं. वर सैल पडलेली कातडी असेल, ती वेगळीच. अशी निराशा मी पाहिली आहे आणि ती फार विचित्र असते, कारण भोवतालचे सगळे अभिनंदन करत असतात.

उरलेल्या वेळात मुलाखत आणि काही छापील प्रश्नावल्या. मुलाखतीत तो तुमच्या वजनाचा इतिहास विचारेल: कधी वाढायला लागलं, तेव्हा घरात काय चाललं होतं, कोणकोणते डाएट केले, ते कशामुळे सुटले. कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगायला लावेल, घास न् घास. लहानपणी काही वाईट घडलं होतं का, हेही विचारण्याची शक्यता आहे. तो प्रश्न आगाऊपणाचा वाटतो, पण निष्कारण नसतो. शरीरावर अत्याचार सोसलेल्या काही माणसांना वजन उतरायला लागल्यावर अचानक असुरक्षित वाटू लागतं. तो प्रश्न तुम्हाला लागू नसेल तर ‘नाही’ म्हणून पुढे जा.

प्रश्नावल्यांमध्ये बहुधा पीएचक्यू-९ नावाचा एक साधा कागद असेल. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण. गंमत अशी की त्या नवांपैकी तीन झोप, थकवा आणि भूक यांच्याबद्दल आहेत. तुमचा रात्री श्वास अडकतो आणि मशीन तुम्ही लावत नाही. म्हणजे दिवसभर मरगळ असणार, झोपेचं खोबरं झालेलं असणार. तुम्ही त्या तीन प्रश्नांना प्रामाणिक गुण दिले की आकडा फुगतो आणि माणूस घाबरतो की आता मला डिप्रेशनचा रुग्ण ठरवतील. अनुभवी मानसशास्त्रज्ञाला हे ठाऊक असतं. तो आकड्यावर थांबत नाही, कागद समोर धरून विचारतो की हा थकवा कशाचा. (मशीन आजपासून लावा. मनासाठीही आणि भुलीसाठीही. हे सर्जनही सांगतील, मी फक्त आधी सांगतेय.) नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलचा आहे. तिथे शून्य नसेल तर शून्य लिहू नका. तिथे १ लिहिलं म्हणून कुणी फाइल बंद करत नाही, त्यावर बोलतात.

काही ठिकाणी मोठी चाचणीही देतात, शेकडो वाक्यांची, प्रत्येकापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ अशी खूण करायची. तुमच्या मित्राचा कागद नेमका इथे मार खातो. अशा चाचण्यांमध्ये पट्टीच असते, माणूस स्वतःला जरा जास्तच धुतल्या तांदळासारखा दाखवतोय का हे मोजणारी. सगळ्या माणसांमध्ये असणाऱ्या बारीकसारीक खोडीसुद्धा ज्याने नाकारल्या, त्याची ती पट्टी वर चढते. आणि मुलाखतीत तर चाचणीही लागत नाही. वजन १३२ किलो, मागे पुष्कळ डाएट फसलेले आणि वर ‘मला कसलंच टेन्शन नाही, खाण्याचा काही त्रास नाही’. हे ऐकून मुलाखत घेणारा पेन खाली ठेवतो आणि मनात म्हणतो, कुणीतरी शिकवून पाठवलंय.

अर्थात सगळेच इतके बारकाईने बघत नाहीत, हेही खरं. तुमच्या मित्राला त्या उत्तरांवर रिपोर्ट मिळाला असेलही. मला काळजी तुमचं खोटं पकडलं जाण्याची वाटत नाही, पचण्याची वाटते. म्हणून तिन्ही गोष्टी एकेक करून घेऊ.

गोळी. हे लपवणं सगळ्यात निरर्थक आहे आणि सगळ्यात धोक्याचंही. निरर्थक अशासाठी की डिप्रेशनची गोळी घेणारे या रांगेत तुम्ही एकटे नाही. २०१६ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. त्यात वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांपैकी १९ टक्क्यांना डिप्रेशन आणि १७ टक्क्यांना अनावर खाण्याचा आजार असल्याचं दिसलं. आणि आधी हे आजार असलेल्यांचं वजन इतरांपेक्षा कमी उतरतं, असंही त्यात ठामपणे निघालं नाही. गोळी घेऊन तीन वर्षं स्थिर असलेला माणूस मुलाखत घेणाऱ्याला आवडतो. उपचार घेतो, टिकवतो, म्हणजे पुढच्या गोळ्याही घेईल. धोक्याचं अशासाठी की तुमची गोळी हळूहळू विरघळणारी आहे. ती आतड्याच्या लांब प्रवासात थोडी थोडी सुटावी अशी बनवलेली असते. बायपासमध्ये तो रस्ताच बदलतो: अन्न जठराचा मोठा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात ओलांडून थेट पुढे जातं. मग तीच गोळी, तेवढीच मात्रा, पण रक्तात कमी पोचू शकते. ऑपरेशननंतर महिन्या-दोन महिन्यांनी उदासी परत आली, तर तुम्ही म्हणाल अशक्तपणा आहे, घरचे म्हणतील खात नाही म्हणून, आणि सर्जनला गोळीचा पत्ताच नसेल. आधी माहीत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ ती बदलून साध्या गोळीवर आणतात किंवा नंतर जवळून लक्ष ठेवतात. मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमसारख्या औषधाचं तर उलटंच होऊ शकतं, रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीला जातं. तुम्ही ते घेत नसाल, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. आणि एक करू नका: रिपोर्टमध्ये येऊ नये म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं. अशा गोळ्या एकदम तोडल्या की चक्कर, अस्वस्थपणा, चिडचिड सुरू होते, आणि नेमके त्याच अवस्थेत तुम्ही गुरुवारी तिथे बसाल.

दारू. ‘शनिवार-रविवार पिणं होतं’ या वाक्यात किती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्याशी ठीक आहे, तिथे आकडा सांगा. इथे मी तुम्हाला नैतिक शिकवण देत नाहीये. बायपासनंतर दारू शरीरात वेगळी वागते. ती झटकन रक्तात चढते, जास्त उंचीला जाते. बायपास झालेल्या स्त्रियांवरच्या एका छोट्या अभ्यासात दोन पेग घेतल्यावर रक्तातली पातळी ऑपरेशन न झालेल्या बाईने चार घेतल्यासारखी दिसली. तुमची शनिवारची नेहमीची सवय, नेहमीचाच ग्लास, आणि गाडीची किल्ली खिशात. पुढचं तुम्ही समजू शकता.

दुसरी बाब हळू येते. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांमधल्या सुमारे दोन हजार रुग्णांचा पाठपुरावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दारूची समस्या असलेले ऑपरेशनआधी ७.६ टक्के होते, पहिल्या वर्षानंतर जवळजवळ तेवढेच, आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के. पहिलं वर्ष सगळं छान चाललेलं असतं, डॉक्टरांच्या भेटी विरळ होत जातात आणि मग ते डोकं वर काढतं. कुणाला जास्त धोका, तेही त्यात पाहिलं होतं: पुरुष, तरुण, सिगारेट ओढणारे, आधीपासून नियमित पिणारे, बायपास झालेले, आणि आपलं असं कुणी नाही ही भावना जास्त असलेले. त्या यादीतल्या निदान तीन गोष्टी तुम्हाला लागू आहेत, शेवटचीबद्दल मला शंका आहे. म्हणजे तुम्ही व्यसनी होणार असं नाही. पण हा माणूस आठवड्याला किती घेत होता हे टीमला माहीत असणं, आणि दुसऱ्या वर्षी कुणीतरी ते मुद्दाम विचारणं, एवढं तर हवं. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किती काळ पूर्ण बंद ठेवायची हे तुमची टीम सांगेल. ते जड जाणार असेल तर ‘जड जाईल’ म्हणून सांगा. तीच माहिती त्यांना हवी असते.

रात्रीचं खाणं. तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ इथे थांबले. सगळे झोपल्यावर उठणं, दिवा न लावता खाणं, पाकीट चुरगळल्याचा आवाज होऊ नये म्हणून जपणं, सकाळी ते बॅगेत. (दिव्याचं आणि आवाजाचं तुम्ही लिहिलेलं नाही. पण हे सांगणारे बहुतेक जण सांगतात, म्हणून धरून चालते.) तुम्हाला वाटतं ही लाज फक्त तुमची आहे. १९५५ साली आल्बर्ट स्टंकार्ड नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने वजनाने त्रासलेल्या रुग्णांमधलं हे रात्रीचं खाणं एक स्वतंत्र लक्षण म्हणून लिहून ठेवलं, आणि चारच वर्षांनी अनावर खाण्याचंही वर्णन केलं. अनावर खाण्याला २०१३ मध्ये मानसिक आजारांच्या अधिकृत अमेरिकन यादीत स्वतंत्र जागा मिळाली. म्हणजे तुम्ही ज्याला ‘माझा घाणेरडेपणा’ समजून लपवता, त्याला निदान आहे आणि त्याच्यावर उपचार आहेत.

मानसशास्त्रज्ञ तिथे दोन-तीन गोष्टी वेगळ्या करून बघेल. झोपेतून जाग येऊन खाता, की झोपायच्या आधीच? थोड्या वेळात खूप, की थोडं थोडं तासभर? आणि खरा प्रश्न: थांबायचं म्हटलं तर थांबता येतं, की हात आपोआप चालतो? प्रमाणापेक्षा हा ताबा सुटण्याचा अनुभव महत्त्वाचा असतो. कारण ऑपरेशननंतर एका वेळी खूप खाणं शारीरिकदृष्ट्याच जमत नाही, पण ताबा सुटणं पोटात नसतं, ते तसंच राहू शकतं. फक्त रूप बदलतं. बिस्किटांचा अख्खा पुडा जाणार नाही, पण दर वीस मिनिटांनी एक जाईल. आइस्क्रीम, गोड पेयं, मऊ आणि वितळणारं काहीही त्या छोट्या पिशवीतून सहज खाली उतरतं. काहींना गोड खाल्ल्यावर धडधड, घाम, जुलाब असा त्रास होतो. काहींना होतच नाही, आणि मग लगाम कुठलाच उरत नाही. ऑपरेशननंतर ज्यांचं ताबा सुटून खाणं पुन्हा सुरू होतं, त्यांचं वजन कमी उतरतं आणि परत येण्याची शक्यताही जास्त असते, हे वारंवार दिसलंय.

आता पहिल्या सहा महिन्यांतल्या एका रात्रीची कल्पना करा. दिवस वाईट गेलाय. आजवर अशा दिवशी तुम्ही काय करत होतात ते तुम्हाला माहीत आहे. आता पोट ते घेत नाही. शनिवारचा ग्लासही बंद. गोळी नीट लागू पडत नाहीये. आणि हे तिन्ही कुणालाच ठाऊक नाही. इतकं एकटं पडायला तुम्ही स्वतःच्या सहीने का तयार होताय?

त्याउलट आत्ता सांगितलंत, तर काही आठवड्यांचं काउन्सेलिंग सुरू होईल. त्यात रात्र पहिल्यांदा वहीत उतरेल: किती वाजता, आधी काय झालं, काय वाटत होतं, काय खाल्लं. बहुतेकांना दोन आठवड्यांत दिसतं की दिवसभर जवळजवळ उपाशी राहून रात्री सगळं वसूल होतंय. नुसतं दिवसाचं खाणं वेळेवर आणलं तरी रात्र बरीच ओसरते. पूर्ण थांबेल असं सांगत नाही. पण ऑपरेशनच्या आधी एकदा तरी ती रात्र तुमच्या हातात आलेली असणं मोलाचं आहे.

नाकारतील का, हा तुमचा मूळ प्रश्न. ज्यांना थांबवतात त्यांची कारणं साधारण ठरलेली आहेत: उपचाराविना चालू असलेला सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं), चालू व्यसन, नुकताच केलेला आत्महत्येचा प्रयत्न, खाऊन मुद्दाम उलट्या काढण्याचा आजार, किंवा ऑपरेशन म्हणजे काय हेच समजण्याची क्षमता नसणं. यातही बहुतेकांना ‘कधीच नाही’ म्हणत नाहीत, ‘आत्ता नाही’ म्हणतात. तुम्हाला तसं म्हणाले तर हात जोडून बाहेर येऊ नका. विचारा: कारण काय, मी काय करायचं, किती दिवस, आणि ते झालं हे कशावरून ठरवणार? लेखी मागा. ‘आधी मोटिव्हेशन वाढवून या’ असं मोघम उत्तर मिळालं, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि मानसशास्त्रज्ञ दहा मिनिटांत नाव-वय विचारून सही करून मोकळा झाला, तर रिपोर्ट मिळाला म्हणून खूश होऊ नका. तुमच्या हातात कागद आला, तुम्हाला मिळालं काहीच नाही.

या पद्धतीवर माझाही एक राग आहे, तुमच्यापेक्षा वेगळा. ऑपरेशनच्या आधी आपण माणसाला मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतो आणि ऑपरेशन झालं की विसरतो. अडचणी तर नंतर येतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक अहवाल आला. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीने रुग्णालयात यावं लागण्याचं प्रमाण ऑपरेशनच्या आधीच्या तीन वर्षांपेक्षा नंतरच्या तीन वर्षांत सुमारे दीडपट झालेलं होतं. असे लोक एकूण शंभराच्या थोडे वर, म्हणजे संख्या लहान, पण त्यातले बहुतेक आधीपासून मानसिक त्रासाची नोंद असलेले. तुमच्यासारखे. घाबरवायला नाही सांगत. सांगतेय ते एवढ्यासाठी की गुरुवारच्या भेटीतच पुढच्या भेटी मागून घ्या: ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि दुसऱ्या वर्षी नक्की. त्यांच्याकडे तशी पद्धत नसली तरी मागा.

बायको. तिला बोलावतात कारण घरातली खाण्याची घडी बदलणार असते आणि पहिले काही आठवडे तुम्हाला कुणाचा तरी हात लागणार असतो. हे झालं वरवरचं. खोलवरचं असं की इतकं वजन उतरलं की नवराबायकोमधलंही काहीतरी हलतं. स्वीडनमधल्या रुग्णांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर एकटे असलेल्यांनी लग्न करण्याचं किंवा नवं नातं जोडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं, आणि आधीपासून जोडीने राहणाऱ्यांत वेगळं होण्याचंही. बहुतेकांचे संसार टिकले, हेही त्याच आकड्यांत आहे. माझं वाचन असं: ऑपरेशन नातं मोडत नाही, पण त्यात जे न बोललेलं आहे ते फार काळ दडून राहू देत नाही. आणि तुमच्या घरात न बोललेलं पुष्कळ आहे.

तिला तिथे, परक्या माणसासमोर, पहिल्यांदा कळू देऊ नका. त्यासाठी एक सोपी वाट आहे. गुरुवारच्या आधी फोन करून सांगा, ‘आधी मला एकट्याला बोलायचंय, नंतर पत्नीला आत बोलवा.’ तुमच्या परवानगीशिवाय तो तुमचं गुपित तिच्यापुढे मांडणार नाही. सर्जनला रिपोर्टमध्ये काय काय कळवणार, हेही सुरुवातीलाच विचारून घ्या. पण गुरुवारच्या आत निदान रात्रीच्या खाण्याबद्दल तुम्हीच तिच्याशी बोललात तर बरं. एखादं वाक्य पुरतं: ‘मी रात्री उठून खातो, मला थांबता येत नाही, त्याबद्दल मी तिथे बोलणार आहे.’ तिला आधीच माहीत असण्याची शक्यता किती मोठी आहे, याचा अंदाज तुम्हाला नसावा.

आता चार दिवसांत करायच्या गोष्टी. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून ऑपरेशनचं सांगा आणि औषधाचं नाव, मात्रा, किती दिवसांपासून, असं दोन ओळींचं पत्र घ्या. सर्जनच्या ऑफिसला फोन करून फाइलमध्ये त्या गोळीची नोंद करायला सांगा, आजच. ‘आधी सांगायचं राहिलं’ एवढं पुरे, ते असं रोज ऐकतात. मागच्या दोन शनिवार-रविवारी किती घेतली ते कागदावर लिहा. आणि मित्राने दिलेला तो प्रश्नोत्तरांचा कागद त्यातल्या प्रश्नांपुरता वाचा, प्रश्न बहुधा बरोबर असतील. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांची भेट गुरुवारच्या आत मिळत नसेल, तर मुलाखत आठवडाभर पुढे घ्या.